एक पौंड हवा

हवा या वस्तूशी माझे संबंध आजवर अगदी सलोख्याचे होते. सकाळी पर्वतीवर जाऊन ती खायची, मे महिन्यात महाबळेश्वरला जाऊन ती पालटायची आणि पंधरा दिवसांतून एकदा स्कूटरच्या चाकांत ती भरून घ्यायची, यापलीकडे हवेचा काही उपयोग असतो हे मला ठाऊक नव्हते. कुणाच्या डोक्यात ती गेलीच, तर चार मित्रांनी मिळून ती काढायची, एवढे समाजकार्यही मी केलेले आहे. पण हवा मोजूनमापून इंजिनात कोंबणारी माणसे या जगात आहेत, त्या कोंबण्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात पांढऱ्या धुराच्या लोटाने एक ओळ माझीही लिहिली जाणार आहे, असे मला कुणी सांगितले असते, तर मी त्यालाच हवापालटाला पाठवले असते.

झाले असे की, २०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेला पुतण्याकडे गेलो. हा पुतण्या म्हणजे आमच्या दादाचा थोरला. दादाच्या सारख्या बदल्या होत, म्हणून शाळेची पाच-सहा वर्षे तो आमच्याकडेच पुण्यात होता. आता तो मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या जवळ राहतो. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे पंढरपूर. तेव्हा त्याच्या घरी दोन मोटारी असणार हे मी गृहीतच धरले होते. पण दुसरी मोटार पाहुण्यांच्या गादीसारखी पलंगपोस घालून झाकून ठेवलेली असेल, याची कल्पना नव्हती.

पुतण्याने पलंगपोस काढला. आत एक काळीकुट्ट, चौकोनी, मागे काळोख घेऊन उभी असल्यासारखी गाडी.

"काका, ब्युइक ग्रँड नॅशनल. १९८७ ची."

"बरं. मग नवी घ्यायला पैसे कमी पडतायत का?" मी काळजीने विचारले.

त्यावर तो जे हसला, त्यावरून हा आजार जुना आहे हे माझ्या लक्षात आले. ही गाडी म्हणे रस्त्यावरचीच, नंबरपाटी असलेली, भाजी आणायला नेता येईल अशी. फक्त शुक्रवारी संध्याकाळी तो तिला ड्रॅग स्ट्रिपवर नेतो. ड्रॅग स्ट्रिप म्हणजे एक सरळसोट रस्ता. लांबी पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, आपले ४०२ मीटर. आमच्या घरापासून वाण्याचे दुकान साधारण तेवढेच आहे. तिथून वाटाणे आणायला मला जाऊन येऊन पाऊण तास लागतो. ही गाडी तेवढे अंतर तेरा-साडेतेरा सेकंदांत कापते.

"मधे वळण?"

"नाही."

"मग पोचल्यावर काय करायचं?"

"परत यायचं."

"मग गेलास कशाला?"

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. पण त्याच्या तळघरात पुस्तकांचे एक कपाट होते, आणि माझ्याकडे अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाची झोपमोड होती. रात्री तीनला जाग यायची. ही शेजारी घोरायची. मी तळघरात जाऊन पुस्तके वाचायचो. अशा रीतीने आठ रात्रींत मी टर्बोचार्जरचा इतिहास संपवला. पेन्शनर माणसाला एखादा विषय आठ रात्री मिळाला की नवव्या दिवशी तो त्या विषयातला जाणकार होतो, हे आपणास ठाऊक आहेच.

तर टर्बोचार्जर म्हणजे काय? आमची आजी फुंकणीने चूल फुंकायची. समजा, त्या चुलीतून वर जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक भिरभिरे बसवले, त्याच्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवला आणि तो पंखा चुलीला वारा घालू लागला, तर? धूर जास्त, तर वारा जास्त; वारा जास्त, तर जाळ जास्त; जाळ जास्त, तर धूर आणखी जास्त. इंजिनाचेही तसेच. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात घालायची. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येते. इंजिन तेवढेच, ताकद मात्र दीडपट. वाया जाणाऱ्या धुराची ही सोय आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एका स्विस इंजिनिअरला सुचली आणि १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. मला तर हा मनुष्य पूर्वजन्मी कोकणस्थ असावा असे वाटते. धूरसुद्धा वाया घालवायचा नाही, ही वृत्ती आल्प्स पर्वतात आपोआप उगवत नाही.

ब्यूखीला यश यायला मात्र वीस वर्षे लागली. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याची युक्ती जोडली, तेव्हा १,७५० अश्वशक्तीची इंजिने २,५०० अश्वशक्ती देऊ लागली.

दरम्यान अमेरिकेत सॅनफर्ड मॉस नावाच्या इंजिनिअरला वेगळीच अडचण सोडवायची होती. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. सिंहगड चढताना मला लागते तशीच, कारणही तेच. मॉसने १९१८ साली लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,१०९ फूट उंचीच्या डोंगरावर नेले. पायथ्याच्या हिशेबाने ३५० अश्वशक्तीचे ते इंजिन वर जाऊन २३० वर आले. टर्बो जोडल्यावर तिथेच त्याने ३५६ दिली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बी-१७ सारखी अवजड बॉम्बफेकी विमाने याच युक्तीच्या जोरावर विरळ हवेत उडत राहिली.

ही हकीकत वाचताना पहाटे साडेतीन वाजता मला एक विचार सुचला आणि मी तो बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवला. डोंगरावर कमी पडलेली हवा भरून काढणे ही गरज. सपाटीवर ती जास्तीची भरणे ही हौस. गरजेला माप असते. हौसेला नसते. पुढचा सगळा इतिहास या हौसेचा आहे.

ही हौस पुरवायला जागा मिळाली तीही युद्धामुळेच. कॅलिफोर्नियात कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळांवर जुन्या गाड्या पळवणारी पोरे १९३० च्या दशकापासून होतीच. युद्ध संपले, विमानांची इंजिने उघडून जोडायला शिकलेले तरुण घरी परतले, त्यांच्या खिशात पैसे होते आणि अंगात रग होती. ते रात्री गावच्या रस्त्यांवर शर्यती लावू लागले. अपघात होऊ लागले. गावोगावचे काका हवालदिल झाले. तेव्हा १९५० साली सँटा ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून रीतसर शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, वॉली पार्क्स या 'हॉट रॉड' मासिकाच्या संपादकाने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. ज्यांना रस्त्यावरून हाकलता येत नाही, त्यांना मैदान द्या आणि नियम घाला, असा त्याचा विचार. संस्थेची पहिली अधिकृत शर्यत १९५३ साली पोमोनाला झाली, ती चक्क तिथल्या पोलीसप्रमुखांच्या पाठिंब्याने.

संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंड गावी भरली, आणि पाऊस पडला! अंतिम फेऱ्या नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात जाऊन उरकाव्या लागल्या. हे वाचून मला फार बरे वाटले. पावसाने सामना वाहून जाणे ही केवळ आपलीच परंपरा नव्हे. सुरुवातीला निशाणवाला मधोमध उभा राहून हवेत उडी मारून निशाण हलवी. पण त्याची उडी कुणाला लवकर दिसते, कुणाला उशिरा, यावरून भांडणे होत. १९६३ साली दिव्यांचा खांब आला. पिवळे दिवे लागत खाली येतात, मग हिरवा. नाताळच्या झाडासारखा दिसतो म्हणून त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात.

आणि सत्तरच्या दशकात तर एक असा शर्यतीचा प्रकार रुजला की मला तो ऐकताक्षणी आपला वाटला. त्यात प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधीच काचेवर लिहायचे. मंद गाडीला तेवढी आघाडी देऊन आधी सोडतात. आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात, तर बाद! म्हणजे शर्यतीत जास्त जोरात पळाल्याबद्दल हार. बाराला जेवायला येतो म्हणून सांगून साडेअकराला दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला आपण मनातल्या मनात बाद करतो, तसेच हे. यात पुष्कळदा जुनी, कुरकुरणारी गाडी जिंकते. कारण तिच्या मालकाला तिची कुवत दशांशापर्यंत ठाऊक असते.

"तू हे का नाही करत?" मी पुतण्याला विचारले.

"म्हातारपणी करीन, काका."

आता मूळ मुद्दा. हवा जास्त भरली तर बिघडते काय? १९६२ साली जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बोची गाडी बाजारात आणली. त्याच सुमारास त्यांची टर्बो लावलेली शेव्हरले कॉर्व्हेअरही आली. सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत टर्बो आला तो इथे. जेटफायरचे इंजिन २१५ घनइंचांचे आणि ताकदही २१५ अश्वशक्तीची, एका घनइंचाला एक. पण दाबलेली हवा तापते. तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणाला धीर नसतो. खरा क्रम असा, की ठिणगी पडावी, ज्योत शिस्तीत पसरावी आणि पिस्टन खाली ढकलला जावा. पण दाब फार झाला, तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातले मिश्रण आपण होऊन भडकते. भटजींचे 'सावधान' व्हायच्या आत बँडवाल्याने बँड सुरू करावा तसे. लग्नात त्याने फक्त घोटाळा होतो, इंजिनात पिस्टनवर हातोडीचे घाव बसतात. यालाच इंजिन नॉक होणे म्हणतात. दोन-चार ठोके चालतात. मग मात्र गॅस्केट उडते, किंवा पिस्टनला भोक पडते.

जेटफायरवाल्यांनी यावर तोड काढली ती एका बाटलीची. पाणी आणि मेथॅनॉल यांचे एक द्रावण वेगळ्या टाकीत भरायचे. हवेचा दाब वाढला की ते आत फवारले जाई आणि मिश्रणाचे डोके थंड राही. कल्पना उत्तम, पण गिऱ्हाईक तुमच्याआमच्यासारखे. तेल घालायची आठवण राहत नाही तिथे बाटली कोण आठवणार? टाकी रिकामी झाली की गाडी सुरक्षेसाठी दाब आपणहून कमी करी, आणि मग मालक तक्रार घेऊन येत की गाडी ओढत नाही. दोन वर्षांत दहा हजारसुद्धा खपल्या नाहीत. पुढे कित्येकांनी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला. गंमत अशी, की तीच पाणी-मेथॅनॉलची फवारणी आजचे हौशी लोक पदरचे पैसे मोजून टर्बोच्या गाडीला बसवतात. कंपनीने दिलेले आठवत नाही, स्वतः विकत घेतलेले विसरत नाही, हा मनुष्यस्वभाव होय.

पुतण्याच्या गाडीतल्या इंजिनाची कुळकथा तर आमच्या घरातल्या पितळी बंबासारखी आहे. ब्युइकने १९६२ मध्ये सहा सिलिंडरचे एक लहान इंजिन काढले. पेट्रोल स्वस्त, लोकांना आठ सिलिंडर हवेत, म्हणून १९६७ मध्ये त्याची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कैसर कंपनीला विकून टाकली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. आता लहान इंजिन हवे झाले, आणि ते तर विकलेले! मग १९७४ मध्ये जनरल मोटर्सने तीच यंत्रे, मधल्या काळात जीपवाल्यांना विकत घेतलेल्या अमेरिकन मोटर्सकडून परत आणली. आमच्या हिनेही तो बंब बोहारणीला देऊन, पुढे गीझर बिघडल्यावर, जुन्या बाजारातून तस्साच बंब तिप्पट किमतीला आणला होता. मी तेव्हा फार बोललो. जनरल मोटर्ससारखी कंपनी हेच करते हे माहीत असते तर बोललो नसतो.

त्या परत आणलेल्या इंजिनाला टर्बो जोडायचा उद्योग सुरू झाला तो एका बालवीर पथकाच्या उपक्रमातून. ब्युइकच्या इंजिनिअरांनी त्या पोरांच्या मदतीला जाऊन टर्बो बसवला, आणि वरच्या साहेबांचे डोळे त्यावर गेले. १९७६ मध्ये इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत सगळ्यांपुढे धावणारी मानाची गाडी याच टर्बो इंजिनाची होती. १९७८ पासून ते दुकानात मिळू लागले. १९८४ मध्ये पेट्रोलची मोजकी फवारणी आली आणि ताकद २०० अश्वशक्ती झाली. १९८६ मध्ये दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा इंटरकूलर नीट बसला, तेव्हा २३५. १९८७ मध्ये २४५. त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, देखणी, ठेंगणी, महागडी कॉर्व्हेट होती २४० ची! ब्युइक म्हणजे डॉक्टरांनी आणि आजोबांनी घ्यायची गाडी. त्या आजोबांच्या गाडीने घरच्या राजपुत्राला मागे टाकावे, याची मौज अमेरिकेला आजही वाटते. शेवटी जीएनएक्स नावाच्या २७६ अश्वशक्तीच्या फक्त ५४७ गाड्या काढल्या आणि ११ डिसेंबर १९८७ रोजी पाँटियाक गावच्या कारखान्यातून शेवटची ग्रँड नॅशनल बाहेर पडली. त्यानंतर एकही नाही.

म्हणून आता जे इंजिन आहे ते जपायचे. हे मी पुतण्याला दर सकाळी चहाच्या वेळी सांगत असे. आठ रात्रींचा इतिहास माझ्या पोटात मावत नव्हता. "अरे, ब्यूखीने वीस वर्षं वाट पाहिली. जेटफायरचं काय झालं बघ. सपाटीवरची हवा म्हणजे—"

"हौस. माहितीये, काका. तुम्ही बिलाच्या मागे लिहिलंय. ते बिल अजून भरायचंय."

शुक्रवारची तयारी गुरुवारीच सुरू व्हायची. मागची सीट आणि जास्तीचे चाक काढून वजन कमी करायचे. रस्त्यावरचे ९३ ऑक्टेनचे पेट्रोल आणि शर्यतीचे ११० ऑक्टेनचे पेट्रोल यांची भेळ करायची. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची सहनशक्ती. कितीही दाबले तरी वेळेआधी भडकायचे नाही. या हिशेबाने आमच्या कचेरीतले हेडक्लार्क सहज ११० भरतील. मग गाडीच्या संगणकातली एक चिप बदलायची. शेंगदाण्याएवढ्या त्या तुकड्यात पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा याचे वेळापत्रक असते. आणि शेवटी ती दांडी. टर्बोपाशी जास्तीचा धूर बाहेर सोडणारे एक दार असते, वेस्टगेट. त्याची दांडी पान्याने अर्धा फेरा आखूड केली की दार उशिरा उघडते आणि हवा वाढते. कारखान्याने ठेवलेली हवा चौदा-पंधरा पौंड. आपल्याकडे स्कूटरच्या चाकातली हवा पौंडांत मोजतात, तोच हा पौंड. पुतण्या सतरापासून सुरुवात करणार होता.

त्या शुक्रवारी मी बरोबर गेलो. त्याने मला कामही दिले होते. प्रत्येक फेरीनंतर चिठ्ठी आणायची आणि वहीत आकडे लिहायचे. चिठ्ठीवर दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ, पहिले साठ फूट, निम्मे अंतर, हजार फूट आणि पूर्ण पाव मैल, सगळे सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत छापलेले. आयुष्यभर हिशेबखात्यात घालवलेल्या माणसाला असा कागद मिळाला की त्याचे काय होते, हे त्या पोराला कळायला हवे होते.

पहिली फेरी. डोक्याला हेल्मेट घालून तो रेषेवर गेला. चाके जागच्या जागी फिरवून रबर तापवले. डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्या पायाने पेट्रोल एकदमच दाबले. ही चूक नव्हे; टर्बोला फुगायला तेवढा वेळ द्यावा लागतो. पिवळे दिवे उतरत आले आणि तो सुटला. चिठ्ठी आली : १३.३८. मी वहीत लिहिले. पुतण्याने इंजिनावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी तशा. दांडी फिरवली. हवा १९. चिठ्ठी : १३.२१. सूर्य कलला, हवा गार झाली. गार हवा दाट, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावते. पुन्हा दांडी. हवा २०. चिठ्ठी : १३.०७.

पुतण्याने चिठ्ठी पाहिली, मग गाडीतला नॉकचा आकडा पाहिला. तो शून्य असायला हवा. तीन होता. त्याने पाना पेटीत ठेवला.

"झालं, काका. आज एवढंच."

वाचकहो, इथे मी गप्प बसायला हवे होते. रात्री झोपण्याआधी गॅसचा खटका दोनदा बघणारा मी. फटाक्याची वात काढून, उदबत्ती लांब काठीला बांधणारा मी. आठ सकाळी त्याला गरज आणि हौस यांतला फरक शिकवणारा मी. पण वहीत १३.०७ हा आकडा दिसत होता आणि त्याच्या पलीकडे, फक्त आठ शतांश सेकंदांवर, १२.९९ उभा होता. आठ शतांश! तेवढ्या वेळात शिंकसुद्धा होत नाही. मी ताळेबंदात एक पैसा जुळेना म्हणून रात्री कचेरीत बसलेला मनुष्य.

"अरे, एकच पौंड," मी म्हणालो. "एका पौंडाने काय होतंय?"

पुतण्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले. मग तो हसला. पेटीतून त्याने पाना काढला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच फिरवा."

मी अर्धा फेरा फिरवला. ब्यूखी, मॉस, जेटफायर, कुणी मला थांबवायला आले नाही.

गाडी सुटली ती काय सुटली! पहिले साठ फूट त्या संध्याकाळचे सगळ्यात चांगले. निम्म्या अंतराचा वेळही. मी कुंपणापाशी हातातली वही उंच धरून "पळ! पळ!" असे शुद्ध मराठीत ओरडत होतो. हजार फुटांच्या जरा अलीकडे एक फट्ट असा आवाज आला, मोठा नव्हे, घरात दिवा जातो तेवढाच. आणि गाडीच्या मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. पुतण्याने ताबडतोब पाय काढला आणि गाडी कडेला घेत उरलेले अंतर नुसती घरंगळत नेली. चिठ्ठी आली : १३.९४. हेड गॅस्केट उडाले होते, आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरून त्याची वाफ होत होती. एकविसावा पौंड.

मी धावत गेलो. एवढ्या वर्षांत मी कशासाठीही धावलो नव्हतो. तो हेल्मेट काढून बॉनेटपाशी उभा होता, धड. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच लाज वाटू लागली.

गाडी ट्रकवर घालून घरी आणली. पुढचे दोन शनिवार-रविवार आम्ही गॅरेजमध्ये होतो. त्याने इंजिनाचे डोके उतरवले. मी बॅटरी धरली, नट वाटीत जमवले आणि तोंड बंद ठेवले. पिस्टन शाबूत होते. उडालेले गॅस्केट त्याने मला दाखवले. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद जागी नखाएवढी जागा जळलेली होती. एवढ्याशा वाटेने सगळी हौस बाहेर पडली होती.

"चूक माझी," मी दुसऱ्या रविवारी म्हणालो. "मी तुला भरीला घातलं."

तो नट आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, १९८७ ची सायकल शर्यत आठवते?"

माझ्या हातातली बॅटरी हलली. तो नववीत होता. शाळेने सायकलची शर्यत ठेवली होती आणि पोरगा महिनाभर सराव करत होता. मला रात्रभर झोप आली नाही. रस्त्यावर ट्रक, उतार, आणि पोर दुसऱ्याचे. दादाला काय तोंड दाखवू? पहाटे उठून मी जिन्याखाली गेलो आणि त्याच्या सायकलीच्या दोन्ही चाकांतली हवा सोडून दिली. सकाळी "पंक्चर दिसतंय" असेही म्हणालो. तो सायकल ढकलत गेला आणि उशिरा पोचला. शर्यत झालेली होती. ही गोष्ट मी कुणालाही, हिलासुद्धा, सांगितलेली नव्हती.

"पंक्चर होतं ना ते?" मी म्हणालो.

"पंक्चरवाल्यानं दोन्ही ट्यूबा पाण्यात बुडवून बघितल्या होत्या, काका. एकही बुडबुडा आला नाही."

गॅरेजमध्ये बराच वेळ नुसता पान्याचा कटकट आवाज येत राहिला. अठ्ठावीस वर्षे तो माझ्या पाया पडत होता, दिवाळीला फोन करत होता, आणि त्याला माहीत होते.

"म्हणून त्या दिवशी तुमच्या हातात पाना दिला," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही स्वतः हवा वाढवायला सांगताय. तेव्हा काढलेली एकदा भरून टाका." मग मान वर करून तो हसला. "फिट्टंफाट. पण गॅस्केटचे पैसे द्या."

मी दिले. त्याने घेतले, हे त्याचे उपकार.

निघायच्या आदल्या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. हवा १९. नॉक शून्य. चिठ्ठी : १३.१८. त्याने ती घडी करून माझ्या पासपोर्टात ठेवली. बारा सेकंदांचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुण्याला परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी स्कूटर घेऊन पंपावर गेलो. पोऱ्याने नळी लावली आणि विचारले, "आजोबा, मागं किती?"

"किती असते?"

"एकटे असला तर तीस. आजी बसत असतील तर एक-दोन पौंड जास्त घालू का?"

मी क्षणभर विचार केला. मागच्या सीटवरून ही म्हणाली, "घाल रे दोन जास्त. त्यांचं काही ऐकू नकोस."